वर्तमानपत्रामागची बाई

भिंगवाले हाताने जितके हळुवार, तितकेच जिभेने फटकळ. जिन्याखालच्या दुकानात ते जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स उघडून, साफ करून परत बसवून देत. जीव मात्र सगळा पहिल्यावहिल्या कोटिंगच्या लेन्सवर. काचेवरचा तो पातळ थर इतका नाजूक, की सदऱ्याच्या टोकाने पुसला तरी निघून यायचा. एखाद्या गिऱ्हाइकाने खिशातला रुमाल नुसता बाहेर काढला, तरी भिंगवाले त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

दुरुस्त झालेली अशी प्रत्येक लेन्स ते घरी नेऊन तपासत. बायकोला खिडकीकडे पाठ करून बसवायचं, कारण कोटिंग गेलेलं असलं तर समोरच्या उजेडाने फोटोवर दुधाळ झाक येते. तिच्या हातात उलगडलेलं वर्तमानपत्र द्यायचं, लेन्सचं छिद्र सताड उघडायचं आणि फोटो काढायचा. फोटोच्या मागे लेन्सचा नंबर. तीस वर्षं हा नेम चुकला नाही. बायकोने गॅसवर भाजी टाकून, अंगात ताप असताना, एकदा तर ऐन भांडण अर्धवट सोडून ही नोकरी केली. बिनपगारी, हे सांगायला नको.

"आमच्या हिचे जितके फोटो आहेत, तितके एखाद्या नटीचेही नसतील," असं ते चारचौघांत मिरवत.

आईच्या साठाव्या वाढदिवसाला लेकीने त्यातलाच एक फोटो मागितला. "बाबा, आईचा तरुणपणीचा एक छानसा द्या. मोठा करून लावायचाय."

"एकच? खोकीच्या खोकी पडलीत."

दोघं खोकी उघडून बसले. पहिल्या फोटोत मथळे, छोट्या जाहिराती, अगदी तारीखसुद्धा लख्ख. वर चेहऱ्याच्या जागी कणकेचा गोळा. दुसऱ्यात तेच. पाचवं खोकं संपेपर्यंत तेच.

"बाबा, त्या वर्षीचा गव्हाचा भाव कळतोय," लेक म्हणाली. "आई कुठाय?"

भिंगवाल्यांच्या ध्यानात आलं. सताड उघडी लेन्स एका वेळी एकच अंतर धरते. पुढची अक्षरं धरली, की मागचा चेहरा गेलाच. तीस वर्षं त्यांनी अक्षरं धरली होती. लेन्सचा काडीचा दोष नव्हता. एरवी या गोष्टीचा त्यांना केवढा आनंद झाला असता!

बायको दारात उभी होती. "मला पहिल्याच वर्षी दिसलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, कोटिंग झकास आहे."

भिंगवाल्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. ते उठले, सगळ्यांत चांगली लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि बायकोला खिडकीपाशी बसवलं. सवयीने तिने वर्तमानपत्राकडे हात नेला. ते त्यांनी काढून घेतलं आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांवर फोकस लावला. बराच वेळ बटण दाबलं गेलं नाही.

"अगं, भुवईवर ही जखमेची खूण कधीची?"

"लग्नाआधीची," ती म्हणाली.