पुढच्या चाकांवर सांगोल्याचा माळ

सोलापूर सोडलं तेव्हा ऊन नुकतंच चढू लागलं होतं. चिपळूणहून मी आले होते ती खरं तर दादाकडे रजा काढून विश्रांतीला. दादा इथे जनावरांचा डॉक्टर. सांगोल्याकडच्या एका धनगरवस्तीवरून त्याला निरोप आला, मेंढरांत देवीची साथ शिरलीय. लस मिळताच आम्ही निघालो. बर्फात ठेवलेल्या कुप्यांचा डबा माझ्या मांडीवर होता आणि खाली दादाची लिलावात घेतलेली जुनी लष्करी जीप.

भीमा ओलांडली. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जोंधळा काढणीला आला होता. आमच्या कोकणात इतकं मोकळं आभाळ कुठे दिसतं! पण गियर बदलला की जीपच्या पोटातून ‘टक्’ असा आवाज येई.

“मागच्या शाफ्टचा क्रॉस झिजलाय,” दादा म्हणाला. “इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारा दांडा असतो ना, त्याचा सांधा. ग्रीस भरून भरून थकलो.”

“मग परत फिरायचं?”

“परत फिरलो तर दिवस जाईल. बर्फही जाईल.”

डांबरी सडक सोडून माळाला लागलो आणि थोड्याच वेळात खालून लोखंड आपटल्याचा आवाज झाला. इंजिन ओरडत होतं, जीप मात्र जागची हलेना. सांधा तुटून शाफ्टचं एक टोक जमिनीवर लोंबत होतं. दादा पाना घेऊन खाली शिरला. त्याने काढलेले नट मी पदरात धरत होते. शाफ्ट सोडवून त्याने मागे टाकला. हात सोलले होते, ते धोतराच्या जुन्या फडक्याला पुसले.

“पुढच्या चाकांना वेगळा शाफ्ट आहे. आता ती ओढतील.” त्याने गियरशेजारची दुसरी कांडी खेचली आणि जीप खरंच चालू लागली.

वस्तीअलीकडच्या ओढ्यात मात्र अडलो. चढावर पुढची चाकं मुरमात नुसतीच गरगरू लागली. धूळ पाहून वस्तीवरची धुरपदा आणि तिचा सासरा बिरूबा धावत आले.

“डाक्टर, चालत चला की. डबा मी डोक्यावर घेती,” धुरपदा म्हणाली.

“औषधं, सुया, भांडी, सगळंच न्यायचंय. थांबा. चढावर भार मागे जातो, म्हणून पुढची चाकं नुसती फिरताहेत. गाडी उलटी चढवू, म्हणजे भार पुढच्या चाकांवर येईल.”

“उलटी?” बिरूबा हसला. “वरात हाय व्हय?”

दादाने जीप वळवली. बिरूबा आणि धुरपदा बॉनेटवर भार देऊन बसली. मी मागे बघत वाट सांगू लागले. पहिल्यांदा घसरलो, दुसऱ्यांदा घसरलो. तिसऱ्यांदा मुरूम उडवत जीप पाठमोरी वर आली.

डब्यात बर्फाचे चारदोन खडे शिल्लक होते. वाडग्यात (मेंढरं कोंडायचं काटेरी कुंपण) काही मेंढरं आधीच दगावली होती. आजारी वेगळी काढून दादाने बाकीच्यांना टोचायला सुरुवात केली. धुरपदा एकेक कोकरू मांडीशी धरत होती.

“आता मरनार न्हाईत न्हवं?”

“ज्यांच्या अंगात रोग आधीच शिरलाय त्यांचं सांगता येत नाही. बाकीची वाचतील.”

तिने पुढचं कोकरू धरलं.

काम संपल्यावर तिने आम्हाला हुलग्याचं माडगं (कुळथाची पातळ पेज) प्यायला दिलं. आमचा कुळीथच, पण लसणाच्या ठेच्याने घशात विस्तव पेटला. परतताना पुढच्याच चाकांनी आम्हाला हळूहळू सोलापूरला आणलं.

पुढच्या आठवड्यात मेंढरं पाहायला जायचं होतं. जीप गॅरेजात खोललेली, म्हणून एस.टी.ने गेलो, त्यासाठी मी रजा वाढवून घेतली. फाट्यावर उतरून माळ तुडवू लागलो, तर लांबून धुरपदा दोन्ही हात वर करून ओरडली, “थोडी गेली! बाकीची हायती! हायती की!”

चिपळूणला परतल्यावर सगळे विचारू लागले, सोलापूरचा किल्ला पाहिलास का, तलाव पाहिलास का? काहीच पाहिलं नव्हतं. पण मैलोगणती मोकळ्या त्या माळावर एका बाईचं ‘हायती’ ऐकलं होतं, आणि ते ऐकायला मी पुन्हा तेवढंच चालेन.