पान धरणारा अंगठा

असे काही लिहिण्याची मला सवय नाही; अडखळल्यास सांभाळून घ्यावे. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात भूतखेतांना थारा नव्हता, आणि माझाही त्यावर कधी विश्वास बसला नाही.

शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, नागपुरातल्या नंदनवन वस्तीतल्या घरी बसून, मी पीएच.डी.ला सुरुवात केली. विषय — भिवापूरच्या मिरची खुडणाऱ्या बायांची गाणी. माझी आईही त्यांच्यातलीच. तिच्या एका गाण्याची शेवटची ओळ मला आठवत नव्हती, आणि ती सांगायला आई आता नव्हती. मार्गदर्शक सर वयाने माझ्यापेक्षा लहान, पण स्पष्ट : "मॅडम, पूर्ण पाठ आणि छापील आधार मिळाला तर ठेवू. नाही तर ते गाणं वगळा."

सीताबर्डीजवळच्या एका ग्रंथालयाने जुनी मासिके नुकतीच स्कॅन करून संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली होती. एका दुपारी मी शोधचौकटीत गाण्याची पहिली ओळ टाकली... आणि एका बंद पडलेल्या मासिकाचे पान समोर आले. पूर्ण गाणे. शेवटच्या ओळीसकट.

पानाचा खालचा कोपरा एका अंगठ्याने दाबून धरला होता. नख मधोमध उभे चिरलेले, कडा मिरचीने काळवंडलेल्या.

शाळेत असताना मी पंख्याखाली उतारे लिहून काढत असे. वही उडे, पुस्तक मिटे. आईला अक्षर येत नव्हते. ती शेजारी बसून पुस्तकाचा कोपरा अशाच चिरल्या नखाच्या अंगठ्याने दाबून धरी. "लिही वं तू. मी धरून राहिली न."

मी फाइल उतरवून घेतली आणि सरांना पाठवली. त्यांनाही अंगठा दिसला. "स्कॅन करणाऱ्याचा असेल. क्रॉप करा, परीक्षक हसतील."

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल ताई हसल्या. "मॅडम, आपल्या मशीनले काच आहे. पान काचेखाली दबते. बोट कुठून येईन? कोणाचं राह्यलं असन, तर येईन न घ्यायले."

मग त्यांनी मासिक काढले. त्या पानाचा खालचा कोपरा आत दुमडून चिकटलेला होता. शेवटची ओळ त्या घडीत होती.

"हे तर उघडतच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "हात लावला तर चुरा होते. मग त्या फोटोत कसं काय उघडलं?"

त्यांनी माझ्यासमोर ते पान पुन्हा स्कॅन केले आणि जुन्या जागी चढवले. नव्या चित्रात अंगठा नाही. दुमडलेला कोपरा आहे. शेवटची ओळ शोधली, तर आता काहीच सापडत नाही. जुनी फाइल तेवढी माझ्याकडे आणि सरांकडे उरली आहे.

आई गेली तेव्हा त्या ग्रंथालयात साधा संगणकही नव्हता. तिने ते मासिक कधी पाहिले असेल, असे मला वाटत नाही. मग हे कसे घडले विचाराल, तर मला आजही सांगता येत नाही.

सरांनी क्रॉप करण्याचे पुन्हा काढले नाही. प्रबंधाच्या परिशिष्टात ते पान अंगठ्यासकट आहे.