अक्काचे हात आणि मी गाळलेलं कलम

वैशालीचा फोन आला तेव्हा मी जळगावात एका गिऱ्हाईकाला विमा समजावून सांगत होतो. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. समोरचा माणूस हप्त्याचं काहीतरी विचारत होता, त्याला मी उत्तरही दिलं, आणि बरोबर दिलं. जन्म या धंद्यात गेला, तोंड आपोआप चालतं. धुळ्याच्या बसमध्ये बसल्यावर डोक्यात पहिलं काय आलं असेल? अक्काची पॉलिसी चालू आहे, क्लेमला अडचण येणार नाही. बहीण गेल्यावर माणसाला हे सुचावं... मला माझीच किळस आली.

मालतीअक्का माझी मावसबहीण. मला सख्खी बहीण नाही, त्यामुळे राखी, भाऊबीज, रागावणं सगळं तिच्याकडेच. खापरावरचे मांडे करायला तिला लग्नाकार्यात लांबलांबून बोलावणं यायचं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत पार कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद सोडायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही, सगळा कारभार हातांचा. भाऊजी लवकर गेले, पुढे वैशालीला तिनं या हातांच्या जोरावर वाढवलं. जीभ मात्र फटकळ. मी हडकुळा, म्हणून माझ्या ताटात मांडा टाकताना म्हणायची, "खाय भाऊ, इमावालाच वाळेल दिसना ते लोके भरोसा कसा ठेवतीन?"

आमच्या खानदेशात चांगलं काम म्हटलं की आखाजीचा मुहूर्त. अक्षय्य तृतीयेला लोक सोनं घेतात तसा विमाही घेतात, आणि आम्ही एजंट सकाळपासून गाडीला किक मारून फिरत असतो. अक्काचा फॉर्म मी अशाच एका आखाजीला तिच्या परसातल्या चुलीपुढे बसून भरला. विम्याची रक्कम सांगितली, मुदत सांगितली, नॉमिनी म्हणजे तुझ्या मागे पैसे जिच्या हाती पडतील ती, वैशाली, हेही सांगितलं. मरणाचं बोलायला आम्हाला जड जात नाही, त्याला सोयीचे शब्द आहेत. "उद्या काही बरं-वाईट झालं तर" म्हटलं की समोरचा मान डोलावतो. मग अपंगत्वाचं कलम आलं. त्याला रायडर म्हणतात, मूळ विम्याला थोडे जास्त पैसे भरून जोडायची पुरवणी. अपघातानं हात, पाय, डोळे कायमचे निकामी झाले तर माणसाला जिवंतपणीच दरमहा आधार मिळतो आणि पुढचे हप्ते माफ होतात. पण याला गोड शब्द नाही. हात गेले, पाय गेले, असंच म्हणावं लागतं. आणि समोर अक्का कोपरापर्यंत माखलेल्या हातांवर मांडा झेलत होती. सणाच्या दिवशी त्या हातांकडे बघून हे काढू कसं? मला कोणी अडवलं नव्हतं. मीच त्या रकान्यात 'नको' लिहिलं आणि पेन पुढे केलं. अक्कानं पदराला हात पुसले, सही केली आणि विचारलं, "बठ्ठं समजाडी सांगं ना, भाऊ?"

"बठ्ठं सांगितलं, सगळंच," मी म्हणालो.

काही वर्षांनी एरंडोलचं लग्न आटोपून परतताना टेम्पो उलटला. अक्काच्या मानेला मार बसला आणि दोन्ही हातांतलं बळ गेलं. आता ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा वैशाली तिला वरणभात भरवत होती. घास गिळून अक्का म्हणाली, "भाऊ, आपला तो इमा कामले यी का आते?" मी चाचरत सांगू लागलो, की तो जीवन विमा आहे, त्याचं कसं असतं की...

"म्हणजे मी मरसू तवयच का?"

"हातापायाचं तेव्हा घेतलेलं नव्हतं, अक्का," मी म्हणालो. काय वाक्य आहे बघा. कोणी घेतलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं, त्यात काहीच येत नाही. अशी वाक्यं आम्हाला चांगली जमतात. संध्याकाळी भेटायला आलेल्या नणंदेनं मी काढून दिलेल्या विम्याचा विषय काढला, तेव्हा अक्काचा आवाज आला, "भाऊनी तं सांगं व्हतं. मीच नको म्हनं." मी दारातच उभा होतो. आत जाऊन खरं काय ते सांगायला हवं होतं. मी चहा आणायला निघून गेलो.

पुढचे हप्ते मीच भरत राहिलो. भरतोय म्हणून जरा बरंही वाटायचं, आणि त्याची आज जास्त लाज वाटते. धुळ्याला जाणं मी कमी केलं. गेलो तरी खुर्चीवर टेकून लगेच निघायचो. तिचे हात मांडीवर ठेवलेले असत, वैशालीनं ठेवले तसेच. फाल्गुनात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. क्लेम विनातक्रार मंजूर झाला. वैशाली फोनवर म्हणाली, "मामा, तुमच्यामुळे झालं." यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं जेवलो असतो.

परवा आखाजी झाली. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, अक्काच्या नावाची ही पहिलीच, म्हणून गेलो. परसात तीच चूल, तेच खापर, आणि मांडे करायला वैशाली. आईला बोलावणाऱ्या घरांतून आता तिला बोलावणं येतं. जेवणं झाल्यावर ती पुन्हा चुलीशी बसली, शेजाऱ्यांना द्यायचे मांडे राहिले होते. उंडा हातावर घेत म्हणाली, "मामा, आज माझाही विमा काढून टाका." मी पिशवीतून कागद काढले आणि नेहमीसारखी रकमेपासून सुरुवात केली.

"ते नंतर," ती म्हणाली. "आधी हातापायाचं सांगा."

मी कागद मांडीवर ठेवले.

"आई सांगून गेलीय. म्हणायची, मामाच्या तोंडून ते निघत नाही. माझ्या वेळेलाही नाही निघालं बिचाऱ्याच्या. तू आपणहून विचारून घे."

मांडा तिच्या कोपरापर्यंत पसरला होता. तिनं तो खापरावर सोडला, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"समज," मी म्हणालो, "उद्या तुझे दोन्ही हात..."

खापरावरचा मांडा करपायला लागला होता. वैशाली उठली नाही. "सांगा मामा," ती म्हणाली, "मी ऐकतेय."