हरणाबाईची पाखरं

अणदुरातल्या अर्ध्या घरांतल्या पोरांची नाळ हरणाबाईनं कापली होती. पण पोटची लेक राजेश्वरी पहिल्याच बाळंतपणात तिच्या हातात गेली, आणि हरणाबाईनं सुईणपण सोडलं. कुणी बोलवायला आलं, की दाराआडून म्हणायची, "हात गेले माझे." मागं राहिलेली तान्ही नात, ज्ञानेश्वरी, तिनंच वाढवली. पण कधी चूल फुंकताना पाठीमागून राजेश्वरीची हाक यायची, "आई, पाय गार पडलेत गं." हरणाबाई वळायची नाही. वळून कुणी दिसलं नसतं तर? आणि दिसलं असतं तर?

कॉलेजात असताना ज्ञानेश्वरीनं फिंच पाखरांची जोडी आणली. चिमणीहून लहान, लाल चोचीची. पुढं तिचं लग्न झालं, पाखरं आजीकडं राहिली. राळं, बारीक बाजरी, ताजं पाणी; म्हातारीचा दिवस पिंजऱ्याभोवती जायचा. पिलंही झाली. फक्त मादी अंड्यावर आली, की हरणाबाई तिकडं बघणं टाळायची.

सातव्या महिन्यात ज्ञानेश्वरी बाळंतपणाला आली. दुसऱ्याच सकाळी ती ओरडली, "आज्जी, मादीला काय झालंय बघ!"

पिंजऱ्याच्या तळाशी मादी पिसं फुगवून बसली होती. डोळे मिटलेले, प्रत्येक श्वासाला शेपूट हलत होती. हरणाबाईला लांबूनच कळलं.

"अंडं अडलंय."

"मग काढ की."

"म्या न्हाय हात लावणार."

"मरंल की गं ती!"

"मरू दे!" हरणाबाई खेकसली, आणि तिला नातीचा पोटावर गेलेला हात दिसला. तोंडावर तीच भीती. राजेश्वरीच उभी होती जणू.

तिनं मादीला उचललं. तळव्याला काडीएवढे पाय लागले, गार. पाठीमागून हाक आली. या वेळी हरणाबाईनं ओ दिली, "आले गं, आले."

"कुणाला म्हणतीस?" ज्ञानेश्वरीनं विचारलं. गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यावर म्हातारीनं मादीला ठेवलं, बोटाच्या टोकानं शेपटीखाली एरंडेलाचा थेंब लावला. पोट मात्र दाबलं नाही. पदराच्या उबेत धरून बसून राहिली. अंगणात ऊन चढलं तेव्हा अंडं बाहेर आलं, मऊ, कवच न धरलेलं. मादीनं मान वर केली.

"वाचली!" ज्ञानेश्वरी हसली. "माझं बाळंतपण बी तूच कर."

हरणाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "अभद्र बोलू नगंस. तुला धाराशिवच्या दवाखान्यातच न्यायचं."

तिथंच ज्ञानेश्वरीला मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या. हाक मात्र थांबली नाही. उलट, ओ दिल्यापासून ती अगदी कानाशी यायला लागली. बाळ रडून गप्प झालं, की हरणाबाई श्वास रोखून बसायची.

मादीला विसावा मिळावा, इतक्यात पुन्हा अंडं नको म्हणून तिनं पिंजऱ्यातलं घरट्याचं मडकं काढून ठेवलं. तर मादी पिंजरा टांगलेल्या काथ्याच्या दोरीतून एकेक धागा ओढायची आणि दाण्याच्या वाटीत रचायची. हरणाबाई ते सगळं उचलून टाकायची. "पुरं कर गं बाई," ती विनवायची.

मादी तिच्याकडं बघायची आणि पुन्हा दोरीकडं उडायची.