गेवराईजवळची ‘वापरात नसलेली’ जागा

माझ्या नकाशावर जी जागा ‘वापरात नाही’ म्हणून पिवळी रंगवली होती, तिथे मे महिन्यात वीस-पंचवीस बैल आरामात रवंथ करत होते. आणि शेजारी आमचे सर उभे होते.

मी ड्राय पोर्टचे लेआउट करते. ड्राय पोर्ट म्हणजे समुद्र नसलेलं बंदर. माल इथेच कंटेनरमध्ये भरायचा, कस्टमची तपासणी आणि सीलही इथेच. मग बंदराला शहरात मोठं यार्ड लागत नाही आणि जागेवरून बंदर आणि शहर या दोघांचं चाललेलं भांडण जरा निवतं. गेवराईजवळ हायवेला लागून, कापसाच्या गाठींसाठी, आम्हाला ते करायचं होतं. पिवळी जागा ट्रकच्या पार्किंगसाठी धरली होती.

सर्व्हे मीच जानेवारीत केला होता. शेजारच्या वस्तीतल्या बहुतेक घरांना कुलूप. मैदानात चिटपाखरू नाही. मी फोटो काढले आणि मोठ्या रुबाबात रिपोर्ट लिहिला.

बैलांना पाणी दाखवणाऱ्या कौसाबाईंनी मला विचारलं, “ताई, तुमी कवा आलत्या?”

“जानेवारीत.”

“तवा आमी ऊस तोडायला गेलतो. बैलं, गाड्या, लेकरं समदं कारखान्यावर. कुलूप दिसलं म्हंजी माणूस न्हाई, असं हाय का?”

मी नकाशा उघडून ट्रक कुठे लागणार ते त्यांना दाखवलं.

“हितं ट्रक लागले तर बैलं बांधायची कुटं? जागा न्हाई म्हून बैलं इकली की उसाच्या गाडीचं काम गेलं. मंग खायचं काय आमी?”

सर माझ्याकडे वळले. “मॅडम, आपण भांडण मिटवायला निघालो होतो ना? मग ते इकडे कोण घेऊन आलं?”

मला मनापासून लाज वाटली. कौसाबाईंनाच म्हटलं, “मग तुम्हीच जागा दाखवा.”

त्या भर उन्हात झपाझप निघाल्या. मागून बूट घातलेले आम्ही दोघं धापा टाकत. हायवेपलीकडे मुरूम काढून सोडलेला खडकाळ उतार होता.

“हितं कुसळ बी येत न्हाई. लावा की ट्रक.”

सपाटीकरणाचा खर्च वाढणार म्हणून सर आठवडाभर कुरकुरले. मग पार्किंग तिकडे गेलं, बैल जागेवर राहिले.

आमच्या सर्व्हे फॉर्ममध्ये आता एक रकाना वाढलाय: ‘पाहणीच्या वेळी गाव घरी होतं का?’ नवीन इंजिनिअर तो वाचून हसतात. मी त्यांना हसू देते आणि बीड जिल्ह्यातला सर्व्हे ऊसतोड संपल्यावर, उन्हाळ्यातच लावते.