खोडी सांगून विकलेली जीप

लिंबाजीमामा जीप सुरू करण्याआधी तिच्या खोडी सांगत. बसणारा गावचा पाटील असो की भाजीची पाटी घेतलेली बाई, आधी ऐकायचं आणि मगच बसायचं. "ब्रेक दोनदा दाबल्याबिगर धरत न्हाई. डावा दिवा एस्टीचा हाय, उजवा ट्रॅक्टरचा, दोघांचं पटत न्हाई. चढावर तापती, मंग थांबावं लागंल, कुरकुर करायची न्हाई. दाराच्या जागी दावं हाय, ते धरून बसा. ऐकलं का समद्यांनी?" सगळे 'ऐकलं' म्हणेपर्यंत मामांचा हात स्विचकडे जात नसे. एकदा एक पाव्हणा वैतागून म्हणाला, "मामा, तुमी जीप चालवायलाव का बैल इकायलाव?" मामा शांतपणे म्हणाले, "बैल इकताना खोडी सांगत्यात. मंग मानसं बसविताना का सांगू नये?"

सत्तरच्या दशकात मी वालूरच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा ही जीप गावाच्या अंगवळणी पडलेली होती. मामा मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, फौजेत ड्रायव्हर होते. परत आल्यावर एका जहागीरदाराकडे ते लढाईतलीच एक जुनी जीप चालवत. ती कायमची बंद पडली आणि गोठ्यामागे टाकून दिली गेली, तेव्हा अडलेल्या पगाराच्या बदल्यात मामांनी ती मागून घेतली आणि बैल जुंपून ओढत घरी आणली. पुढे तिचं मूळ रूप फारसं शिल्लक राहिलं नाही. मागची बाजू कापून दोन हात लांब केली, बैलगाड्या करणाऱ्या सुताराकडून बाभळीच्या फळ्यांची बाकं बसवून घेतली, वर पत्र्याचं छत घातलं. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं आणि गरम झालं की रॉकेलवर घालायचं. स्टिअरिंग तेवढं जुनंच राहिलं, डावीकडे. "लढाईवरून आलेली हाय, डावखुरी," मामा सांगत.

मामा बौद्ध वस्तीत राहत. गावातली काही घरं त्यांच्याकडचं पाणी पीत नसत. पण घरात बाई अडली आणि सेलूच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली, की त्याच घरातला माणूस चप्पल न घालता वस्तीवर धावत येई. मामांनी कोणाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. "बाळंतीन जीपमंदी बसली की जात फाट्यावर उतरती," असं म्हणून ते हसत. "परत येताना पुन्यांदा चढती, ती गोष्ट येगळी."

माझ्या बायकोचे दिवस भरले ते हिवाळ्यात. दुपारपासून ती तळमळत होती आणि दिवस कलला तेव्हा सुईणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "गुर्जी, माझ्या हातातलं न्हाई आता. सेलूला न्या." मी वस्तीवर धावलो. मामा दारात बसले होते. माझं बोलणं ऐकून ते उठले, जीपपाशी गेले, बॉनेटवर हात ठेवून थांबले आणि त्यांनी एक अशी खोड सांगितली जी मी कधी ऐकली नव्हती.

"गुर्जी, ही जीपची न्हाई, माझी हाय. सांज झाली की मला रस्ता दिसंना झालाय. चार-सहा महिनं झालं. दिवं बिघडल्यात असं सांगून मी सांजंचं भाडं टाळायलोय. बैलगाडी जुपा. मी सोबत येतो."

बैलगाडीने पोचायला किती वेळ लागेल, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "मामा, तुमची शांता असती तर?"

शांता त्यांची एकुलती एक मुलगी. मामा स्टिअरिंगमागे जाऊन बसले. मग एवढंच म्हणाले, "बाजूला बसा. तुमी माझे डोळे. वळन आलं की सांगायचं, खड्डा आला की सांगायचं. मागं बघायचं न्हाई. मागं बाया हायेत, त्या बघतील."

निघालो. मी सांगत होतो, मामा चालवत होते. "डावीकडे घ्या, मामा. आता सरळ. पुढे बैलगाडी आहे." त्यांचे हात स्टिअरिंगवर असे घट्ट होते की जीप नव्हे, माझा आवाजच त्यांनी धरून ठेवला होता. अर्ध्यावर आलो आणि मागून बायको किंचाळली. तसं ती त्याआधी कधीच किंचाळली नव्हती. मी मागे वळलो. रस्ताही तिथेच वळत होता. मामा ओरडले, "गुर्जी, रस्ता!" आणि जीप नाल्यात उतरली.

सुईणबाईंनी बायकोला आपल्या अंगावर घेतलं होतं, म्हणून तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मामांच्या खांद्याचं हाड मोडलं. शेजारच्या शेतातून कापूस भरलेली गाडी निघाली होती. मामांनी मोडक्या खांद्याने ती अर्धी रिकामी करायला हात लावला, बायकोला कापसावर निजवलं आणि आम्ही सेलूला पोचलो. मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सासरे आले. नात बघितली आणि मला बाहेर घेऊन त्यांनी विचारलं, "डायवर पिलेला होता का?"

मी म्हणालो, "काय की."

एवढंच. होता म्हणालो नाही, नव्हता असंही म्हणालो नाही. नव्हता म्हटलं असतं, तर मग काय झालं ते सांगावं लागलं असतं. मी मामांना बळंच नेलं, आणि सांगितलं असतानाही मागे वळलो, हे सांगावं लागलं असतं. आठवडाभरात 'काय की'चं 'मास्तर सोता म्हनले' झालं. दीक्षा घेतल्या दिवसापासून मामांनी दारूला हात लावला नव्हता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तरी लोकांनी विश्वास ठेवला. वस्तीतल्या माणसाबद्दल असलं काही ऐकलं की गावाला ते लवकर पटत असे. सुईणबाई आपल्या परीने सांगत राहिल्या, पण मास्तरापुढे सुईणीचं कोण ऐकतो? मामा मला त्याबद्दल एका शब्दानेही बोलले नाहीत.

खांदा सांधला तसा त्यांनी जीप विकायचा निर्धार केला. लोकांनी समजावलं, ड्रायव्हर ठेवा म्हणाले. मामा ऐकेनात. "दारात उभी राहिली तर कोन ना कोन बलवायला येनार. आन् आलं तर मी न्हाई म्हनू शकनार न्हाई. मी सोताला वळखतो." विकायची ती मानवतच्या बैलबाजारात, हेही त्यांनीच ठरवलं. मी विचारलं, "मामा, जीप बैलबाजारात?" ते म्हणाले, "मोटारी इकनारे खोडी लपवत्यात. बैलबाजारात खोड लपविली तर बैल माघारी येतो, आन् चार गावांत तोंड दाखवाया जागा ऱ्हात न्हाई. मला तसंच इकायचंय." मग म्हणाले, "तुमी चला सोबत. रस्ता सांगाया नगं, दिवसा दिसतंय मला."

बैलांच्या दावणीत मामांनी जीप उभी केली तेव्हा अख्खा बाजार गोळा झाला. "काय लिंबाजी, किती दाती हाय?" "शिंगं कुठं गेली हिची?" मामा म्हणाले, "शिंगं न्हाईत, हारन हाय. तो बी लाजत वाजतो." हसणं ओसरलं तसे ते बॉनेटवर हात ठेवून एकेक खोड सांगू लागले. ब्रेक, दिवे, चढ, दावं. एक दलाल त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "लिंबाजीबा, तोंड बंद ठेवा, चांगलं गिऱ्हाईक देतो. येवढ्या खोडी ऐकून कोन घेईल?" मामा म्हणाले, "घेईल त्येलाच इकायची हाय."

दुपारी पूर्णेकडचा एक शेतकरी आला, बाबाराव नावाचा. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, जीपला फेरी मारली आणि मारक्या बैलाबद्दल विचारतात तसं विचारलं, "हिनं कधी मानूस पाडलाय का?"

भोवतीचे लोक पुढे सरकले. वालूरचेही चार-दोन जण त्यात उभे होते.

"एकदा," मामा म्हणाले. "खोड हिची न्हाई, माझी हाय. सांजंला मला दिसत न्हाई. म्हाईत असून मी हिला रस्त्यावर काढलं. लोक म्हनत्यात पिलेला होता. पिलेला नव्हतो. पन म्हाईत असून गेलो, ही खोड हाय, म्हनून सांगतो."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी हाताच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडायला तेवढी जागा पुष्कळ होती. मी जीपच्या दाव्याकडे बघत राहिलो.

बाबारावाने उपरणं पुढे केलं. त्याखाली दोघांची बोटं भावाचं एकमेकांशी बोलली आणि सौदा झाला. मामांनी वर एकच अट घातली, "अडल्या बाईला न्हाई म्हनायचं न्हाई." बाबाराव म्हणाला, "शबूद." मग मामांनी दाराचं दावं सोडलं. विकलेल्या जनावराचं दावं विकणारा स्वतःकडे ठेवतो, तशी आमच्याकडे रीत आहे. घडी करून ते त्यांनी खांद्यावर टाकलं, मोडलेल्याच खांद्यावर, आणि जीप दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

परतीच्या एस्टीत मी कसंबसं विचारलं, "मामा, माझं नाव का नाही घेतलं?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "गुर्जी, इकनारानं आपल्या जनावराची खोड सांगायची असती. दुसऱ्याच्या दावनीतली ज्याची त्येनं सांगायची."

त्यानंतर मामा बरीच वर्षं जगले. 'पिलेला नव्हतो' हे बाजारात ऐकून आलेल्यांनी गावात सांगितलं ते असं, की दारूचं आता डोळ्यांवर ढकलायलाय. माझी बदली झाली, मुलगी मोठी झाली, पुढे स्वतः डॉक्टर झाली. मामा गेल्याचं मला कळलं तेव्हा मी बसस्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो.

यंदा मी मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मला काय सांगता? चला." आम्ही वालूरला गेलो. आधी पारावर. तिथे बसलेल्यांपैकी दोघा-तिघांनाच मामा आठवत होते, आणि 'तो पिऊन जीप पाडनारा' म्हणूनच आठवत होते. त्यांना सांगितलं. तिथून त्यांना सोबत घेऊन मामांच्या घरी गेलो. शांता दारात आली, तीही आता म्हातारी झालेली. आत खुंटीला ते दावं टांगलेलं दिसत होतं. उभ्या उभ्याच मी बोललो. मी काय म्हणालो होतो, मागे कधी वळलो होतो, बाजारात कुठे उभा होतो, सगळं.

माझं संपल्यावर शांता दारातून बाजूला झाली.

"लय उशीर केलाव गुर्जी," ती म्हणाली. "आत या. माय आत हाय, तिला कमी ऐकू येतं. आता परत सांगा. पहिल्यापासून, आन् मोठ्यानं."

मी आत गेलो आणि परत सांगितलं. मोठ्याने.