सात कंपनं खाली

खुंटीकाकांना कोणी त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली, तर हा दुसरा कोण आला म्हणून ते स्वतःच मागे वळून पाहायचे. एकतीस वर्षं संगीतशाळेतल्या पियानोंच्या खुंट्या पिळल्यावर दुसरं काय होणार? शाळेत पियानो अकरा, एकेकात सव्वादोनशेच्या आसपास तारा आणि प्रत्येक तारेला एक खुंटी. तार हवा बदलली की रुसते, कोणी बडवलं की रुसते आणि कोणी महिनाभर बडवलंच नाही, तर त्याबद्दलही रुसते. किल्लीने खुंटी केसभर फिरवून तिची समजूत काढायची, हा काकांचा व्यवसाय. समजूत जास्त काढली तर तार तुटते. हे संसारालाही लागू आहे असं त्यांचं मत होतं, पण ते त्यांनी घरात कधी बोलून दाखवलं नाही.

दर तीन महिन्यांनी त्यांची फेरी असे. खोलीचं दार लावायचं, पंखा बंद करायचा, कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवायचा. मग लोकरीची लांब पट्टी तारांमध्ये खोचायची, म्हणजे एकाच सुराच्या तिघी शेजारणींपैकी दोघी गप्प बसतात आणि एकीचं नीट ऐकता येतं. शेवटी खिशातून नादकाटा काढायचा. पोलादाचा हा दुबोटी काटा गुडघ्यावर आपटला की एकच सूर देतो, मागाल तेव्हा देतो आणि वर काही बोलत नाही. काकांची बायको म्हणायची, "नवरा असा असावा."

त्या काट्याच्या दोन्ही टोकांना चांदीची टोपणं होती. काकांना नोकरी लागली त्याच साली बायकोचं एक चांदीचं कानातलं हरवलं. उरलेल्या एकट्याचं काय करायचं, म्हणून तिने ते वितळवून ही टोपणं करवून आणली. नवऱ्याच्या हत्याराचा तिने केलेला तो सत्कार होता. काकांनी डोळ्यांत पाणी आणून तो स्वीकारला आणि दुसऱ्याच दिवशी त्या काट्यावर अकराच्या अकरा पियानो लावायला घेतले.

असं सुरळीत चाललेलं असताना शाळेच्या समितीचं पत्र आलं. शाळेने एक डिजिटल पियानो चाचणीसाठी मागवावा, असं त्यात होतं. पुढे लिहिलं होतं, "सदर यंत्र समाधानकारक आढळल्यास जुने पियानो काढून टाकण्यात यावेत व ट्यूनरची आवश्यकता संपुष्टात आली असे समजावे." काकांना पहिल्या वाचनातच समजलं. वय अठ्ठावन्न, आणि खुंटी पिळण्यापलीकडे दुसरं काही येत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते घरातले पेले चमच्याने वाजवून सुरांच्या क्रमाने लावत बसायचे. हे रोज चालणार, या कल्पनेने बायकोची झोप उडाली होती.

यंत्राबरोबर विक्रेताही आला. गेल्या महिन्यापर्यंत तो कपडे धुण्याची मशीनं विकत होता, आणि त्याच उत्साहात त्याने मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं, "मॅडम, हे आयुष्यात बेसूर होत नाही. ऊन, पाऊस, दमट हवा, काही फरक पडत नाही. ट्यूनर वगैरे भानगडच नाही."

भानगड शेजारीच उभी होती. तिने नम्रपणे मान हलवली.

चाचणी मोठ्या दालनात झाली. शाळेचा गायनवृंद उभा राहिला. त्यांची पद्धत अशी की पहिली ओळ नुसत्या गळ्याने म्हणायची आणि दुसऱ्या ओळीला पियानोने येऊन मिळायचं. पहिली ओळ छान झाली. दुसऱ्या ओळीला यंत्र आलं, पण मिळालं नाही. भरल्या घरात चुकीच्या पाहुण्याने आपलंच समजून शिरावं, तसं झालं. मुलं थांबली. दाराशी उभ्या असलेल्या शिपायानेसुद्धा तोंड वाकडं केलं.

बाई म्हणाल्या, "हे बेसूर आहे."

"शक्यच नाही, मॅडम." विक्रेत्याने फोन काढून यंत्रासमोर धरला. "हे बघा, चारशे चाळीस. सेकंदाला चारशे चाळीस कंपनं. जगभर हाच आकडा आहे. यंत्र अचूक आहे, तुमचे पियानो उतरलेत."

"अकराच्या अकरा?"

"असतील."

"सगळे एकदम? आणि सगळे सारखेच?" बाई याच पियानोंवर दोन वेण्या घालून शिकल्या होत्या. "हे बघा, एका खोलीत अकरा घड्याळांत चार वाजलेत. तुम्ही बाहेरून एक घड्याळ आणलंत, त्यात सव्वाचार. आता कोणतं चुकलं म्हणायचं?"

विक्रेत्याला मशीनच्या प्रशिक्षणात हा प्रश्न शिकवला नव्हता. तो काकांकडे पाहू लागला. काका छताकडे पाहत मनात ताळा जुळवत होते. अकरा पियानो आपापल्या मर्जीने उतरले तर अकरा तऱ्हांनी उतरतील. सगळे सारखेच उतरायचे तर उतरवणारा एकच असला पाहिजे.

"उद्या सकाळी पुन्हा ऐकेन," बाई म्हणाल्या. "तोवर हे सुरात आणा. काका, तुम्ही बघा जरा."

"मॅडम, ते काय बघणार? आत तारच नाही."

काकांनी विचारलं, "याचं काही पुस्तक असेल ना?"

"असेल खोक्याच्या तळाशी. ते कोणी वाचत नाही, काका. सगळं आपोआप कळतं."

काकांनी खोक्यात कोपरापर्यंत हात घालून पुस्तक काढलं. चौऱ्याण्णव पानांचं, मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरांचं. ते कोटाच्या खिशात घालून ते घरी गेले.

संध्याकाळी त्यांनी बायकोला म्हटलं, "तुझ्या फोनवर ते सूर मोजायचं काहीतरी घे."

"पेल्यांसाठी असेल तर नाही घेणार."

"नाही गं."

तिने घेतलं. काकांनी नादकाटा गुडघ्यावर आपटून फोनपाशी धरला. पडद्यावर आकडा आला चारशे तेहेतीस. पुन्हा आपटला, पुन्हा चारशे तेहेतीस. मग त्यांनी नखाने एक टोपण काढलं, दुसरं काढलं, आणि उघडाबोडका काटा आपटला. चारशे चाळीस.

बायकोला सुरातलं काही कळत नव्हतं, पण वजाबाकी येत होती.

"म्हणजे माझ्या कानातल्याच्या वजनाने अख्खी शाळा खाली बसली?"

"सात कंपनं."

"एकतीस वर्षं?"

"कोणाची तक्रार नव्हती," काका म्हणाले. "इथे शिकून गेलेली माणसं आज बाहेर शिकवतात. तीही तिथे..." पुढचा हिशेब त्यांना करवेना.

"मग आता सगळे वर ओढा."

"जुन्या तारा आहेत. एवढं ओढलं तर निम्म्या तुटतील. आणि तारा ओढल्या तरी माणसांचे कान कसे ओढणार?" काकांनी सुस्कारा सोडला. "सकाळी बाईंना खरं काय ते सांगून टाकतो."

"सांगा की. परवापासून घरीच आहात मग." बायकोने दोन्ही टोपणं उचलून, फुंकर मारून काट्याला परत बसवली. "पण कानातल्याचं नाव काढायचं नाही. मी भेट दिली होती. तोलून बघा असं म्हटलं नव्हतं."

काकांनी चष्मा लावून पुस्तक उघडलं. ज्याने आयुष्यभर एकेका तारेचं ऐकून घेतलंय, त्याला चौऱ्याण्णव पानं जड नाहीत. एकसष्टाव्या पानावर लिहिलं होतं, की अमुक दोन बटणं एकत्र दाबून धरली आणि डावीकडची शेवटची पट्टी वाजवत गेलं, तर यंत्राचा सूर एकेका कंपनाने खाली आणता येतो. बासष्टाव्या पानावर आणखी बारीक अक्षरांत एक सूचना होती. वीज बंद केल्यास यंत्र आपल्या मूळ सुरावर परत जाते. काकांनी ती दोनदा वाचली आणि पानात कागदाची चिठ्ठी घातली. शाळेचा शिपाई संध्याकाळी सगळ्या इमारतीची वीज मुख्य बटणावरून बंद करतो आणि ते काम त्याने आजवर एक दिवसही चुकवलेलं नाही, हे त्यांना माहीत होतं.

सकाळी त्यांनी दालनाचं दार आतून लावलं, पंखा बंद केला, कोट खुर्चीला अडकवला. किल्लीचा काही उपयोग नव्हता, तरी ती यंत्रावर काढून ठेवली. मग दोन बटणं धरून शेवटची पट्टी सात वेळा वाजवली. काम संपलं. पण एवढ्यात दार उघडणं त्यांना व्यवसायाच्या दृष्टीने बरं वाटेना. तासभर ते उरलेलं पुस्तक वाचत बसले. बाहेर माणसं उभी होती, म्हणून अधूनमधून लाकडावर टिचकी मारत होते.

दार उघडल्यावर गायनवृंदाने सुरुवात केली. पहिली ओळ गळ्याने झाली, दुसऱ्या ओळीला यंत्र असं येऊन मिळालं, की दाराशी शिपाई मान डोलवू लागला.

"आता कसं पियानोसारखं वाटतंय," बाई म्हणाल्या.

विक्रेत्याने काकांना बाजूला घेतलं. "काका, नक्की केलंत काय?"

"थोडं खाली आणलं."

"कुठून?"

"वरून."

तरी काकांचं मन खात होतं. सगळे गेल्यावर ते बाईंच्या टेबलापाशी उभे राहिले. "बाई, एक सांगायचं होतं. खरं म्हणजे ते यंत्र बरोबरच होतं. चूक आपली आहे. म्हणजे माझी."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "काका, त्या मशीनवाल्या पोराची नोकरी जाऊ नये म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय ना? मला कळतं सगळं. जा, घरी जा, दमला असाल."

खरं सांगण्याचा प्रयत्न माणसाने एकदा करावा. काकांनी तो केला होता.

संध्याकाळी शिपायाने नियमाप्रमाणे वीज बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र पुन्हा बेसूर झालेलं आढळलं. काकांनी दार लावून तासभर मेहनत घेतली. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याअखेरीस बाईंनी समितीला अहवाल पाठवला. "यंत्र एकंदरीत समाधानकारक आहे. मात्र जुने पियानो तीन महिन्यांतून एकदा सुरात लावावे लागत, हे रोज लावावे लागते. सबब ट्यूनरचे पद दैनंदिन करण्यात यावे. योग्य सूर कोणता याबद्दल पुढे वाद होऊ नये, यासाठी अकराही जुने पियानो संदर्भासाठी जपून ठेवावेत."

समितीने अहवाल मंजूर केला. तो वाचून विक्रेत्याने कंपनीकडे आणखी एका पुस्तकाची मागणी केली, असं म्हणतात.

ती मंजुरी हातात पडली त्या दुपारी काका घरी आले. बायको दारातच उभी होती. पेले आधीच तिने वरच्या फळीवर ठेवले होते.

"काय झालं? राहिली का नोकरी?"

"वाढली. आता रोज जायचं."

"इतकं बिघडलंय ते?"

"बिघडलेलं नाही गं," काका वाकून बुटाचे बंद सोडत म्हणाले. "अगदी बरोबर आहे. रोज सकाळी जाऊन तेवढंच दुरुस्त करायचं."